परदेश दाखवायचा तर श्रीलंका, आणि तिथली तळी

तुमचा प्रश्न असा: भारताबाहेर फिरायला लोकांना कोणते देश जास्त आवडतात, आणि का? पुढे तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिरपूरकडचे, आई-वडील जन्मभर शेतीत राबले आणि आता त्यांना एकदा तरी परदेश दाखवायचाय. हे दुसरं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. मी साक्री तालुक्यातला, पांझराकाठचा शेतकरी. माझं उत्तर श्रीलंका आहे.

आधी बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडची मंडळी पहिल्यांदा परदेशात जातात ती बहुधा दुबईला नाहीतर थायलंडला. दुबईत 828 मीटरचा बुर्ज खलिफा बघून मान अवघडते, बाजार चकचकीत, ओळखीचं कुणी ना कुणी तिथे नोकरीला असतं. थायलंड खिशाला परवडतो आणि तिथल्या लोकांचं आगतस्वागत मनापासूनचं असतं. नेपाळला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्रावर काम होतं. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ म्हटलं की म्हातारी माणसं एका पायावर तयार होतात. व्हिएतनामही मला फार आवडला. तिथल्या माय सन या ठिकाणी चाम या तिथल्या जुन्या वंशाच्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्तीचं काम करत असताना 2020 मध्ये एकाच दगडातून घडवलेलं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. घरापासून एवढ्या लांब विटांच्या पडक्या गाभाऱ्यात शिवलिंग दिसतं तेव्हा आपोआप हात जोडले जातात.

हे सगळे देश चांगलेच आहेत. पण ज्या माणसाने आयुष्यभर आभाळाकडे बघत शेती केली, त्याला श्रीलंकेत जे दिसेल ते दुसरीकडे दिसणार नाही.

लोकांना श्रीलंका का आवडते हे समजायला नकाशा पुरेसा आहे. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा देश, आणि त्यात समुद्र, डोंगर, जंगल, चहाचे मळे, जुन्या राजधान्या सगळं. सकाळी जंगलात हत्ती बघावेत आणि रात्री थंडीत स्वेटर घालून झोपावं, हे तिथे एका दिवसात होतं. कँडी ते एल्ला ही रेल्वे चहाच्या मळ्यांतून जाते, दारात बसून लोक फोटो काढतात. एल्लाजवळच्या डेमोदराचा नऊ कमानींचा पूल 1921 चा, लोखंड न वापरता दगड, विटा आणि सिमेंटवर उभा आहे. गॉलचा डच किल्ला समुद्रात घुसलेला आहे आणि आत अजून वस्ती आहे. 2024 मध्ये 20 लाखांहून जास्त पाहुणे या देशात आले, त्यांत सगळ्यांत जास्त आपण भारतीय. यातलं जमेल ते अवश्य बघा. माझा जीव मात्र अडकला तो उत्तरेकडच्या कोरड्या भागात, अनुराधपूर, पोलोन्नरुवा, दंबुल्लाच्या पट्ट्यात. बरेच पर्यटक तिथे एक रात्र काढून पुढे पळतात.

हा भाग आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावर. पाऊस आपल्या दुप्पट पडतो, पण बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत, आणि मग मे ते सप्टेंबर कोरडा वारा सुटतो. तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपासून यावर एकच उपाय केला: पडलेलं पाणी अडवायचं. हजारो तळी. एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात, त्याचा आणखी खालच्या, असं करत ओढ्याच्या अंगाने साखळी उतरत जाते. वरच्या शेतातून निथळलेलं पाणीही खालचं तळं झेलतं. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचं म्हणणं बखरीत नोंदलंय, की आभाळातून पडलेला थेंबही माणसाच्या कामी आल्याशिवाय समुद्राला जाऊ नये. पोलोन्नरुवाला त्याने बांधलेला पराक्रम समुद्र अजून भातशेती भिजवतो. त्याचा बांध 13-14 किलोमीटरचा आहे. संध्याकाळी त्यावरून चालत निघालो तर टोक दिसेना, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला खोलवर हिरवं रान.

आता सिगिरिया. हा सगळ्यांत प्रसिद्ध खडक, आणि तिथे जाण्याआधी आई-वडिलांना त्याची गोष्ट सांगाच. पाचव्या शतकात धातुसेन नावाचा राजा होता. त्याने कालावेव हा प्रचंड तलाव बांधला. मुलगा कश्यप याने त्याला कैद केलं आणि खजिना कुठे ठेवलाय म्हणून छळलं. जुन्या पाली बखरीत लिहिलंय की राजाने कालावेवकाठी नेण्याची विनंती केली, तलावात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी सगळी संपत्ती ती ही. कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं आणि स्वतः 477 ते 495 या काळात सिगिरियाच्या खडकावर राहून राज्य केलं. खडकाच्या पोटात रंगवलेल्या स्त्रिया बघताना आपल्याला लगेच अजिंठा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. हरिषेण वाकाटकाच्या राज्यात अजिंठ्याच्या भिंती रंगत होत्या तो काळही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचाच. फर्दापूरला उतरून अजिंठा बघितलेल्या माणसाला सिगिरिया परकं वाटत नाही. खाली बागेत कश्यपाच्या वेळची कारंजी आहेत. कुठलीही मोटर नाही, केवळ पाण्याच्या दाबावर ती पावसाळ्यात आजही उडतात. बापाचा जीव घेणाऱ्या मुलालाही बापाचीच पाण्याची विद्या वापरावी लागली, हे मला तिथे फार लागलं.

सिगिरियाला पायऱ्या हजारावर आहेत. सकाळी उघडल्या उघडल्या चढायला लागा. गुडघे दुखत असतील तर खालच्या बागाच निवांत बघू द्या, त्यातही समाधान आहे. दंबुल्लाची लेणी चढायला त्या मानाने सोपी आणि आत छतभर चित्रं आहेत.

पण माझं मन भरलं ते कालावेवला. तिथे तिकीट नाही, गर्दी नाही. बांधावर मोठाली झाडं दिसली, त्यांना तिकडे कुंबुक म्हणतात. जवळ जाऊन साल बघितली तर आपला अर्जुनसादडा. याच तलावातून जयगंगा नावाचा कालवा 87 किलोमीटर लांब अनुराधपुरापर्यंत जातो. पहिले 17 मैल त्याचा उतार मैलाला जेमतेम 6 इंच आहे. ज्याने कधी शेतात पाट काढलाय त्याला हे ऐकून घाम फुटेल. शंभर फुटांच्या सरीत पाणी मागे-पुढे होतं, इथे पंधराशे वर्षांपूर्वी हा उतार साधला. कालव्याला बांध एकाच बाजूला आहे. वरच्या अंगाला काठ मोकळाच सोडलाय, म्हणजे उतारावरून येणारं पावसाचं पाणी सरळ कालव्यात मिळतं. मोठ्या तलावांच्या बांधात पाणी सोडण्याच्या जागी दगडी बांधणीची चौकोनी विहीर असते, बिसोकोटुव म्हणतात तिला. तलाव भरलेला असला तरी सुटणाऱ्या पाण्याचा दाब तिथे मोडतो आणि त्या जागी बांधाला धक्का लागत नाही. ही रचना बघून ब्रिटिश इंजिनिअरसुद्धा चकित झाले होते.

तिथून पुढे आमचा ड्रायव्हर आम्हाला त्याच्या नात्यातल्या एका गावी घेऊन गेला. छोटं तळं, काठावर कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात कमळं, पलीकडे भात. एक वयस्कर शेतकरी खांद्यावर कुदळ घेऊन आला. ड्रायव्हर मध्ये बोलून दोघांचं एकमेकांना सांगत होता. मी विचारलं, पाणी कमी पडलं की काय करता? तो म्हणाला, बेत्म करतो. म्हणजे असं, की तळ्यात पाणी थोडं असलं तर गाव बसून ठरवतं की यंदा तळ्याला लागून असलेलं तेवढंच रान भिजवायचं. आणि ज्यांची जमीन खाली कोरडी राहणार, त्यांनाही त्या भिजणाऱ्या रानात हंगामापुरता वाटा कसायला द्यायचा. मालकी कुणाची, हे त्या हंगामात बघायचं नाही.

मी त्याला आपली फड पद्धत सांगितली. पांझराकाठी बंधाऱ्याखालचं थळ, म्हणजे भिजणारं सगळं रान, तीन-चार फडांत म्हणजे मोठ्या तुकड्यांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. म्हणजे ज्या फडाला पाणी, त्यात सगळ्यांचं काही ना काही भिजणार. पाणी गावाने नेमलेला पाटकरी देणार, मालकाने पाटाच्या दाऱ्याला हात लावायचा नाही. तो ऐकता ऐकता हसायला लागला. कुदळीच्या दांड्याने मातीत त्याने त्यांच्या पाटाची आखणी काढली, शेजारी मी आपल्या फडाची काढली. ड्रायव्हरला काही सांगावंच लागलं नाही.

आपल्याकडे फड आता थोड्याच गावांत उरलेत. वर धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढले, नदी बारमाही राहिली नाही. त्यांच्याकडेही जुनी तळी गाळाने भरतात, तरुण पोरं कोलंबोला जातात. पण तळं म्हणजे गावाचं, हे तिथे अजून कुणाला समजावून द्यावं लागत नाही. तळं बांधणाऱ्या महासेन राजाला मिन्नेरियाकडचे लोक देव म्हणून पूजतात. त्याचं मिन्नेरियाचं तळं उन्हाळ्यात आटलं की तळावर गवत उगवतं आणि शेकड्यांनी रानहत्ती चरायला जमतात. ते बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जावं लागतं.

आता कामाचं. मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच तासांच्या आसपास, धुळ्याहून मुंबई गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते, नियम बदलत असतात म्हणून तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळ बघा. सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी माणसाला तिकीट महाग आहे, पण सार्क देशांच्या लोकांना सवलत मिळते, पासपोर्ट सोबत बाळगा. आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून जास्त रुपये मिळतात. देवळात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे ते फार मनाला लावून घेतात. 2022 च्या आर्थिक संकटात भारताने केलेल्या मदतीचा विषय लोक आपणहून काढतात, त्यामुळे आपल्या माणसाला आपुलकी मिळते.

जेवण भाताचं, नारळाच्या दुधातलं, आणि तिखट. खान्देशी जिभेला ते तिखट चालतं. आई-वडील शाकाहारी असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खोबऱ्याच्या चटणीत, भाजीतसुद्धा उंबलकड म्हणून सुक्या माशाचा चुरा घालतात. ऑर्डर देतानाच तो नको म्हणून सांगा. मसूरची डाळ, आप्पम (तांदळाचे वाटीसारखे डोसे) आणि इडिआप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) कुठेही मिळतं. मातीच्या भांड्यात लावलेलं म्हशीचं दही आणि त्यावर किथुल माडाचा पाक नक्की खाऊ घाला. भाकरी मिळणार नाही, म्हणून बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा.

फेब्रुवारीत गेलात तर उत्तम. तळी तुडुंब असतात, भात काढणीला आलेला असतो, आणि आपल्याकडे हरभरा निघून गहू उभा असतो तेव्हा आठ-दहा दिवस घर सोडता येतं. कोलंबोत उतरून थेट दंबुल्लाला मुक्काम टाका, तिथून सिगिरिया, कालावेव आणि पोलोन्नरुवा रोज जाऊन येऊन होतात. मग कँडी, रेल्वेने एल्ला, आणि वेळ उरला तर समुद्र. वडिलांचं वय आणि तब्येत कळवलीत तर कुठे किती थांबायचं तेही लिहीन.