नसा मोकळ्या, तरी शेवटच्या ओळीला पाणी नाही

प्रश्न : माझे सासरे (मामाजी) ५८ वर्षांचे आहेत. वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगिचा आहे. दिवाळीनंतर त्यांना चालताना दम लागू लागला, पायांवर सूज आली. नागपूरला अँजिओग्राफी झाली, नसा मोकळ्या निघाल्या. पण हृदय मोठं झालंय, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३० आहे, स्नायूचाच आजार आहे असं सांगितलं. एनटी-प्रोबीएनपी ३,४०० होतं. ट्रोपोनिन थोडं वाढलेलं, २८. तीन तासांनी पुन्हा पाहिलं तर २७. संक्रांतीच्या आधी तालुक्याच्या लॅबमध्ये बीएनपी केलं, ते २१० आलं. तो कागद पाहून मामाजींनी गोळ्या सोडल्या, बारा दिवस झाले. म्हणतात, 'नसा मोकळ्या हायेत, आकडा उतरला, त मंग गोळ्या कायले खाऊ?' त्यांना झटका येऊन गेला का? आणि बगिच्याचा ताण तोडायचा आहे, रात्रीची लाइन आहे. जाऊ द्यावं का?

उत्तर : ताई, हे वाचून होताच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. बारा दिवस सुटलेल्या गोळ्या घरच्या घरी पूर्वीच्याच डोसमध्ये सुरू करू नका. विशेषतः नाडी मंद करणारी गोळी इतक्या खंडानंतर बहुधा पुन्हा लहान डोसपासून चढवावी लागते.

आता त्या २१० बद्दल. ते ३,४०० चं उतरलेलं रूप नाही. ताणलेलं हृदय एक मोठा रेणू तयार करतं आणि त्याची तुरीच्या दाण्यासारखी दोन फाकं होतात. फरक एवढाच की इथली फाकं सारखी नसतात. लहान फाक बीएनपी, ती रक्तातून लवकर नाहीशी होते. मोठी एनटी-प्रोबीएनपी, ती जास्त वेळ टिकते, म्हणून तिचा आकडा नेहमीच मोठा दिसतो. दोन्ही लॅबनी आपापलं काम नीट केलं आहे, फक्त मोजल्या दोन वेगळ्या वस्तू. मामाजींनी किलो आणि क्विंटलचे आकडे शेजारी ठेवून भाव काढला! बीएनपी साधारण १०० च्या आत असावं, म्हणजे २१० हेसुद्धा जास्तच आहे. त्यांच्या गोळ्यांत साक्युबिट्रिल असेल तर आणखी गोंधळ, कारण त्या औषधाने बीएनपीचा आकडा वाढू शकतो. तेव्हा पुढची तपासणी एनटी-प्रोबीएनपीचीच आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. (या बीएनपीच्या नावातला 'बी' म्हणजे ब्रेन, मेंदू. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडलं. मुख्यतः ते बनतं हृदयात, पण नाव चिकटलं ते चिकटलं.)

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं. झटक्यात आकडा काही तासांत चढतो, मग उतरतो. तुमच्याकडे २८ आणि २७, म्हणजे जागचा हलला नाही. असं चित्र झटक्याचं नसतं, ते दमलेल्या स्नायूची संथ गळती दाखवतं.

मग नसा मोकळ्या असताना स्नायूला इजा का? तुमच्या ठिबकचंच बघा. अँजिओग्राफीत मेन लाइन आणि तिचे मोठे फाटे दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या, म्हणजे ड्रिपर म्हणा, त्यात दिसतच नाहीत. हृदय फुगलं की आतला दाब वाढतो आणि भिंतीच्या सगळ्यात आतल्या थरातल्या या बारीक वाहिन्या चेपल्या जातात. स्नायूत तंतूंची जाळी वाढते, केशवाहिन्या विरळ होतात. निरोगी हृदय गरज पडली तर स्वतःचा रक्तपुरवठा तीन-चार पट वाढवू शकतं. ही राखीव ताकद आजारी स्नायूत घटते. आणि हृदयाला दुसरी सोय नाही. बाकीचं शरीर आराम असताना रक्तातला साधारण पाव भाग प्राणवायू घेतं, हृदय बसल्या जागी ७० टक्के काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच आणावं लागतं.

दुसरी अडचण लाइनची, म्हणजे विजेच्या वेळेसारखी. डावं हृदय स्वतःचं रक्त मुख्यतः सैल पडताना घेतं, आवळताना नाही. नाडी ६० असेल तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो. १०० झाली की ०.६ सेकंद, आणि कपात होते ती जास्त करून सैल पडण्याच्या वेळेत. आठ तासांची लाइन चार तासांवर आली की कोरडी कोणती झाडं राहतात, हे मामाजींना मी काय सांगावं? शेवटच्या ओळीतली. हृदयात ती ओळ म्हणजे भिंतीचा सगळ्यात आतला थर. नाडी मंद करणारी गोळी त्या ओळीला वेळ मिळवून देते. नसा तुंबल्या आहेत म्हणून ती दिलेली नाहीच.

हिमोग्लोबिन तुम्ही लिहिलं नाही. ते आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, त्याची तपासणी कधी झाली नसेल तर तीही करा. रक्तात हिमोग्लोबिनच कमी असेल तर पाइपात पाणी असून नसल्यासारखं. मोहाची घेत असतील तर डॉक्टरांना खरं सांगायला लावा. माझ्या ओपीडीत ही गोष्ट बायको बाहेर गेल्यावरच निघते.

अंगात पाणी साठतंय का हे कळायला रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, एकाच काट्यावर. माझे एक म्हातारे पेशंट कृषी केंद्राच्या काट्यावर उभे राहून खताच्या पावतीच्या मागे आकडा लिहून आणायचे. काटा मिळाला नाही त्या दिवशी नडगीवर अंगठा दाबून दाखवायचे, 'पाहा साहेब, खड्डा पडते.' तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, दम लागायची वाट पाहायची नाही. खारातल्या मिरच्या आणि पापड ताटातून काढा. भांडण होईल, होऊ द्या.

रात्री वावरात जाऊ देऊ नका. थंडीत नसा आवळतात, रक्तदाब चढतो, आणि वाटेत काही झालं तर सकाळपर्यंत कोणाला कळायचं नाही. यंदा मोटार मुलाने सुरू करावी. प्रकृती स्थिरावल्यावर दिवसा, सपाट वाटेने, बोलता येईल इतक्या चालीने बगिच्यात एक फेरी मारायला हरकत नाही. फवारणीचा १६ लिटरचा पंप मात्र पाठीवर नको, ईएफ पुन्हा तपासून होईपर्यंत अर्धा भरलेलासुद्धा नको.