पाथ : पत्ता की वाट?

प्रश्न असा आहे : ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेवरच्या मराठी टिपणांत ‘पाथ’ला, म्हणजे फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळीला, काय म्हणावं, आणि फाइल सापडली नाही की येणारा ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा संदेश मराठीत कसा सांगावा?

कोशातला ‘मार्ग’ चुकीचा नाही, पण अडचण नेमकी जिथे येते तिथे तो उपयोगी पडत नाही. पाथ दोन तऱ्हेचे असतात. ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा तो पत्ता. कुठूनही विचारा, बदलत नाही. ‘डेटा/गावे.सीएसव्ही’ ही मात्र वाट, आणि वाट आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. ‘निरपेक्ष’ आणि ‘सापेक्ष’ हे शब्द परीक्षेपुरते ठीक.

समजा, ‘सर्वेक्षण’ या प्रोजेक्टमध्ये ‘डेटा’ आणि ‘अहवाल’ असे दोन फोल्डर आहेत. कन्सोल (आरला आज्ञा देण्याची खिडकी) ‘सर्वेक्षण’मध्ये उभा, म्हणून वरची वाट चालते. ‘अहवाल’मधली आरमार्कडाउन फाइल (मजकूर आणि कोड एकत्र असलेली) निट केली, म्हणजे तिचा अहवाल बनवला, की तोच कोड अडतो, कारण निट करताना आर त्या फाइलच्याच फोल्डरात उभा असतो. तिथून वाट ‘../डेटा/गावे.सीएसव्ही’. ते दोन टिंब म्हणजे बोलीतलं ‘एक फोल्डर मागे ये’.

म्हणून संदेशाचं मराठी ‘अशी फाइल नाही’ असं करू नये. फाइल डिस्कवर बहुधा असतेच. ‘सांगितलेल्या जागी अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ म्हणावं. मग जागा तपासायची : गेटडब्ल्यूडी() उभं राहण्याची जागा सांगतं, लिस्ट.फाइल्स() तिथे काय आहे ते दाखवतं. विंडोज एक्स्टेन्शन (नावाचं शेपूट, इथे ‘.सीएसव्ही’) लपवत असेल तर ‘गावे.सीएसव्ही.सीएसव्ही’ हे खरं नावही इथेच उघडं पडतं. या उभं राहण्याच्या जागेला, वर्किंग डिरेक्टरीला, ‘चालू फोल्डर’ म्हणतात खरे, पण ‘चालू’ माणसाची आठवण होते. मी ‘मुक्कामाचा फोल्डर’ म्हणेन.

बॅकस्लॅशला (\) ‘उलटी तिरकी रेघ’ पुरे. विंडोजमधून चिकटवलेल्या पत्त्यात ती असते, आणि आर तिला पुढच्या अक्षरासकट खूण समजतो. ‘यूजर्स’आधी आली तर मोठ्या यूपुढे हेक्स अंक (0 ते 9 आणि ए ते एफ) नाहीत म्हणून तक्रार तरी होते. लहान अक्षरांतल्या ‘टेम्प’आधी आली तर जास्त वाईट : रेघ आणि लहान टी मिळून गुपचूप टॅब होतो, पत्ता बिघडतो आणि दोष फाइलवर येतो. सरळ रेघ (/) वापरावी किंवा उलटी दोनदा लिहावी.

फोल्डरला मराठी नाव चालेल का? विंडोजवर 4.2.0 (2022) पासून आर यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षर-सांकेतिक पद्धत) वापरतो, पण त्यासाठी विंडोज 10 ची 1903 किंवा नंतरची आवृत्ती लागते. त्याआधीच्या आरवर देवनागरी नावं बिघडू शकतात. तिथे रोमनच बरं.