टाइप-४ सिलेंडरचा आवाज ऐकून ताकद कळते का?

तुम्ही विचारलंय की टाइप-४ सिलेंडर, म्हणजे आत प्लास्टिकचा लायनर नि वरून कार्बन फायबर गुंडाळलेला, हायड्रो टेस्टला (पाणी भरून दाब देऊन करतात ती चाचणी) पास झालाय, मग ॲकॉस्टिक एमिशनचा, म्हणजे दाब देताना आतून येणारे आवाज सेन्सरने ऐकायच्या चाचणीचा, खर्च कशाला आणि त्यातून बर्स्ट प्रेशर, म्हणजे सिलेंडर किती दाबाला फुटेल, ते कळेल का. बर्स्टचा आकडा मिळणार नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

हायड्रोत आपण बघतो काय, तर सिलेंडर फुगला किती नि गळतोय का. आत थर सुटलेले असले, थोडे फायबर तुटलेले असले तरी तो बिनधास्त पास होऊ शकतो. फायबर तुटताना मात्र टिचकन आवाज होतो, आपल्या कानाच्या पलीकडचा, शे-दीडशे किलोहर्ट्झ नि त्याच्याही वरचा, तो भिंतीवर ग्रीस लावून बसवलेला पिझो सेन्सर पकडतो.

आता मुद्द्याचं. योझेफ कायझरने १९५० मध्ये जर्मनीत दाखवलं की धातूवर आधी जेवढा लोड येऊन गेलाय तिथपर्यंत परत नेलं तर तो गप्प बसतो, त्याच्यापुढे गेलं की बोलायला लागतो. कॉम्पोझिट, म्हणजे आपला फायबरचा थर, आतून खराब झालं की त्या आधीच्या लोडपर्यंत पोचायच्या आतच कुरकुर सुरू करतं. समजा आधी ३०० बारपर्यंत नेलाय आणि परत भरताना २८५ ला आवाज सुरू झाले, तर फेलिसिटी रेशो, म्हणजे आवाज सुरू झाला तो दाब भागिले आधीचा जास्तीत जास्त दाब, ०.९५, ठीक आहे. २४० ला सुरू झाले तर ०.८, मग माझ्या पोटात गोळा येतो. शिवाय प्रेशर होल्ड करून बसा, हिट्स, म्हणजे सेन्सरने पकडलेले आवाज, हळूहळू थांबल्या पाहिजेत.

एकदा आमच्याकडे होल्डमध्ये हिट्स थांबेचनात, अख्खा लॉट बाद करायला निघालो होतो, शेवटी कोणीतरी फिटिंगखाली कोरडा कागद धरला तर थेंब थेंब गळत होतं, बास, तोच आवाज! नट आवळला नि सगळं शांत.

आणि सुरुवातीला प्रत्येक सेन्सरजवळ पेन्सिलची ०.५ मिमीची लीड, ३ मिमी बाहेर काढून, मोडून बघाच, सगळीकडे डीबी (डेसिबल) जवळपास सारखे यायला हवेत, म्हणजे सेन्सर नीट बसलेत हे कळतं. स्टीलवर दोन सेन्सरमध्ये जेवढं अंतर ठेवतो तेवढं इथे चालत नाही, कॉम्पोझिट आवाज पिऊन टाकतं.

तुमच्या सिलेंडरला आजवर जास्तीत जास्त किती बार दिलेत त्याची नोंद आहे का? नसेल तर रेशो काढणार कशावरून, मग एकदा भरून, उतरवून, परत भरावं लागेल. तेवढं कळवा.