बोअरच्या पाण्याने आजी पिवळी पडली

प्रश्न: दादा, मी चोपडा तालुक्यातला. आजीचा जुना फोटो आणि आमच्या शेतातली कपाशीची पानं एकत्र घेऊन सायनोटाइप करतोय, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर निगेटिव्ह आणि पानं ठेवून उन्हात निळा फोटो उमटवतोय, निगेटिव्ह झेरॉक्सवाल्याकडून ट्रान्सपरन्सीवर काढून आणली. उन्हात १५ मिनिटं ठेवतो, धुतल्यावर निळा रंग झकास येतो, पण रात्रभर बोअरच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं की सकाळी आजी पिवळट. ऊन जास्त होतंय का? आणि मित्र म्हणतो मोबाईलमधे फिल्टर आहे की, कशाला एवढी उठाठेव?

उत्तर: भाऊ, ऊन नाही, पाणी बघ. ऊन कमी पडलं असतं तर निळा पहिल्याच पाण्यात वाहून गेला असता, तुझा तर आधी नीट येतोय आणि मग मरतोय. हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, १८४२ साली जॉन हर्शेलने ही पद्धत काढली तेव्हापासून त्याचं अल्कलीशी, म्हणजे खाऱ्या-सोड्यासारख्या आम्लाच्या उलट पदार्थाशी, वाकडं आहे. तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसेल, भांड्यावर पांढरे डाग पडत असतील तर कारण तेच समज. खात्री करायची तर एकच प्रिंट मधोमध काप, अर्धी बोअरच्या पाण्यात ठेव अर्धी जारच्या, सकाळी कळेल. धुवायला जारचंच पाणी घे, लिटरला चिमूटभर लिंबूसत्व टाक, उन्हात न बदललेल्या रसायनाचा पिवळा अंश निघून गेला की बाहेर काढ, रात्रभर भिजवायला ती काय मटकी आहे! कागदही बघून घे, झेरॉक्सच्या कागदात बहुतेक वेळा खडूच असतो, म्हणजे तिथंही अल्कली.

फिल्टरवाल्या मित्राला म्हणावं, निळा रंग मोबाईलमधे येईल रे, पण पान कागदावर स्वतः झोपत नाही. आणि खराब झालेल्या प्रिंट फेकू नको. लोक मुद्दाम धुण्याच्या सोड्यात निळा उडवून मग कडक काळ्या चहात बुडवतात, चहातल्या टॅनिनमुळे तपकिरी छटा येते. तुझं अर्धं काम तर बोअरनेच करून ठेवलंय, तेही आजीच्याच शेतातल्या, त्यामुळे मला तर निळ्यापेक्षा ह्याच प्रिंट भारी वाटतात. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा कर, थंड होऊ दे, दर पाच मिनिटांनी उचलून बघ. फक्त ते पातेलं परत स्वैपाकघरात नेऊ नको.