150 डॉलर दिले, 138 परत आले

"मॅडम, ट्रिपला खर्चायला किती पैसे द्यायचे?" शाळेची सिंगापूरची सहल ठरली की आईबाबा मला हे हमखास विचारतात आणि मनात भीती एकच असते, पोरगं उडवून टाकेल. म्हणून आज जरा उलटी केस सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाहीये.

आठवीतला मुलगा, शाळेबरोबर पाच दिवस जाऊन आला, बरोबर 150 सिंगापूर डॉलर होते त्यातले 138 परत आणले. आई सगळ्या नातेवाईकांना कौतुकाने सांगत होती, पण आल्यापासून हा मित्रांशी बोलेना, शाळा म्हटलं की पोटात दुखायचं, डॉक्टरांना काही सापडेना, मग समुपदेशनासाठी माझ्याकडे आले.

दुसऱ्या भेटीत बोलला. नोटा रुमालात गुंडाळून मोज्यात ठेवल्या होत्या, घामाने ओल्या व्हायच्या म्हणून रात्री उशीखाली पसरून ठेवायचा. सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये तहान लागली तर पाण्याची बाटली 4 डॉलर, याने मनात तेव्हाच्या दराने 62 ने गुणलं, 248 रुपये, नको. दुपारभर उन्हात तसाच फिरला. सिंगापूरला नळाचं पाणी सरळ पिता येतं, रिकामी बाटली नेली तरी चालतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! राइडचा ग्रुप फोटो सगळ्यांनी मिळून घेतला तेव्हा हा बाजूला झाला, तिथून 'कंजूस' सुरू झालं. खर्च केलेल्या 12 डॉलरमध्ये आजी, आत्या आणि मामाच्या मुलांसाठी मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेल्या सिंगापूरच्या चिन्हाच्या, किचेन घेतल्या. तुला कोणती घेतलीस विचारलं तर नुसती मान हलवली.

आईशी वेगळं बोलले. रोज रात्री आपल्या आठला, म्हणजे तिकडे साडेदहाला कॉल, आणि पहिला प्रश्न "आज किती गेले?" निघताना एअरपोर्टवर "बाबांनी कसे पैसे भरलेत माहितीये ना" हेही बोलून झालेलं. तिने हे काळजीनेच केलं होतं, सहलीचे हप्ते अजून चालू होते, सांगताना तिलाच रडू आलं. मी म्हटलं, ताई, तुम्ही पैसे दिलेत पण खर्च करायची परवानगी दिलीच नाहीत.

म्हणून किती द्यायचे या प्रश्नावर मी आता आकडा सांगतच नाही. सहलीत जेवण, तिकिटं काय काय धरलंय ते शाळेला विचारा, उरलेलं जे झेपेल ते दिवसांनी भागा आणि 2, 5, 10 च्या नोटा करून रोजचं एक पाकीट द्या, 50 ची नोट अडीअडचणीला सरांकडे. ठरलेल्यातले थोडे "हे फक्त तुझे, हिशोब नाही" असं तोंडाने बोलून द्या, मुलांना ते ऐकावं लागतं. नातेवाईकांची यादी तर अजिबात नको, तेरा वर्षांच्या पोराने आत्याला काय आवडेल याचा विचार करत का फिरायचं? आणि कॉलवर आज काय बघितलं ते विचारा, पैशाचं घरी आल्यावर बघू.

घरची ओढाताण मुलांपासून लपवा असं मी म्हणत नाहीये, पण ती सहलीच्या आधी घरात बसून शांतपणे सांगा, निरोप देताना नको.

पुढच्या आठवड्यात आईने त्याला 200 रुपये दिले, मित्रांबरोबर भेळ खायला, आणि परत आल्यावर काही विचारलं नाही. रात्री त्यानेच येऊन सांगितलं, 200 पण पुरले नाहीत, 30 एकाकडून घेतलेत, उद्या द्यायचेत.