जर्मन मैत्रीण डिसेंबरात पहिल्यांदाच गोव्यात येतेय, तिला इथले कोणते कायदे आणि रिवाज सांगून ठेवावेत?

तुमची जर्मन मैत्रीण डिसेंबरात येतेय म्हणता, तर आधी तिच्या बॅगेबद्दल बोला. मी मोरजीची. घरामागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, म्हणून हे पोटतिडकीने सांगते. डोंगर चढणारे युरोपियन लोक सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन कंपनीचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सहज जवळ ठेवतात. तिकडे ते जीव वाचवायचं साधन, आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय बाळगलं तर गुन्हा. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका धावपटू बाईंना याच यंत्रापायी गोव्याच्या विमानतळावर अडवलं होतं. ई-सिगारेटवरही २०१९ पासून बंदी आहे, तीही घरीच ठेवू दे.

ती तुमच्याकडे उतरणार असेल तर एक काम तुमचंच: परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत यजमानाने करायची असते (या अर्जाला पूर्वी ‘फॉर्म सी’ म्हणत). हॉटेलात राहिली तर पासपोर्ट आणि व्हिसा मागतील, तो संशय नव्हे.

स्कूटर भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेलीच घ्यावी, आणि आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्याला दंड आहे.

कपड्यांचं जरा नीट समजावून सांगा. पाण्यात, वाळूवर बिकिनीला कोणी हरकत घेत नाही. पण वाळू संपली की गाव सुरू होतो. त्याच कपड्यांत कोणी मासळीबाजारात आलं की आमच्या म्हाताऱ्या बायका मान खाली घालतात. बोलत नाहीत, पण त्यांना ते लागतं, हे मी जवळून पाहिलंय. मंगेशीला, म्हार्दोळच्या म्हालसेला किंवा जुन्या गोव्याच्या बासिलिका चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक मोठी ओढणी पिशवीत असली की भागतं. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. पणजीच्या फोंतेन्यांत, त्या जुन्या वस्तीत, तर पर्यटक रंगीत घरांच्या पायऱ्यांवर बसून तासन्‌तास फोटो काढतात, आत माणसं राहतात हे विसरूनच जातात.

आणि मोरजीला आली तर कासवांना सांभाळा, एवढी माझी विनंती. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले इथे अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेजवळ जाऊ नये, रात्री वाळूवर टॉर्च किंवा शेकोटी पेटवू नये. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राची वाट चुकतात.