शस्त्रसंधी, युद्धबंदी, तहकुबी आणि तह

प्रश्न असा आला आहे: ‘सीझफायर’साठी मराठी बातम्यांत कधी शस्त्रसंधी, कधी युद्धबंदी, तर कधी युद्धविराम असे शब्द दिसतात. हे समानार्थी आहेत का? आणि ‘आर्मिस्टिस’ला मराठीत वेगळा शब्द आहे का?

बातमीच्या घाईत हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण ते समानार्थी नाहीत. कोणी कोणाला काय कबूल केले आणि ते किती दिवस टिकायचे आहे, हे या शब्दांवरूनच वाचकाला कळते. त्यामुळे त्यांच्यातला फरक जपावा, असे माझे ठाम मत आहे.

‘शस्त्रसंधी’तला संधी म्हणजे आजच्या बोलण्यातली ‘संधी मिळाली’ची संधी नव्हे. हा राजनीतीतला जुना शब्द आहे. कौटिल्याने परराष्ट्रधोरणाचे जे सहा गुण सांगितले त्यांतला पहिलाच संधि, आणि त्याची व्याख्या दोनच शब्दांची: ‘पणबन्धः सन्धिः’. पण म्हणजे अट; अटींनी बांधून घेणे म्हणजे संधि. बांधून घ्यायला समोर कोणीतरी लागतो. म्हणून शस्त्रसंधी नेहमी दोघांत होते. काहीही न करता स्वस्थ बसून राहण्याला कौटिल्याने वेगळे नाव दिले आहे, ‘आसन’. आज आपण या दोन्ही अवस्थांना सरसकट शस्त्रसंधी म्हणतो. (जाता जाता: संस्कृतात संधि पुल्लिंगी आहे, मराठीत मात्र ‘शस्त्रसंधी लागू झाली’ हेच रूढ आहे आणि तेच लिहावे.)

‘युद्धबंदी’चे तसे नाही. दारूबंदी, नाकाबंदी यांतली जी ‘बंदी’, तीच इथे आहे: एखादी गोष्ट बंद करणे. लढाई बंद करायला शत्रूची सही लागत नाही. म्हणूनच ‘एकतर्फी युद्धबंदी’ हा प्रयोग कानाला खटकत नाही, पण ‘एकतर्फी शस्त्रसंधी’ म्हटले की अडखळायला होते. कोणता शब्द वापरावा अशी शंका आली की त्याच्याआधी ‘एकतर्फी’ लावून पाहावे.

याचे उत्तम उदाहरण १९७१ चे. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने जी कागदावर सही केली ती शरणागती होती. तिला यांपैकी कोणताच शब्द चालणार नाही. पश्चिम आघाडीवर मात्र लढाई सुरू होती. तिथे इंदिरा गांधींच्या सरकारने १७ डिसेंबरच्या रात्री ८ पासून लढाई थांबवत असल्याचे आपणहून जाहीर केले आणि पाकिस्तानने नंतर ते मान्य केले. जाहीर केली ती युद्धबंदी. एकाच युद्धाच्या दोन आघाड्या दोन वेगळ्या प्रकारांनी शांत झाल्या. ‘७१ ला शस्त्रसंधी झाली’ असे एका वाक्यात लिहिले की हा सगळा फरक पुसला जातो.

शब्द बदलला की धोरण बदलते, हे काश्मीरमधल्या रेषेच्या नावावरून तर स्पष्टच दिसते. १ जानेवारी १९४९ पासून लढाई थांबली. त्याच वर्षी २७ जुलैला कराचीत दोन्ही सैन्यांच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगासमोर एक रेषा मान्य केली. तिचे नाव ‘युद्धबंदी रेषा’. २ जुलै १९७२ च्या सिमला कराराने, १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून निर्माण झालेली रेषा ‘नियंत्रण रेषा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे तिला ताबारेषाही म्हणतात. काही ठिकाणे वगळता जमिनीवर ही रेषा फारशी हलली नव्हती, पण नाव बदलल्यामुळे भारताची भूमिका बदलली: जुनी रेषा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालची होती, नवी रेषा दोन देशांनी आपसांत ठरवली आहे, सबब तिसऱ्याचे इथे काम नाही. पाकिस्तानला हे मान्य नाही आणि संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पथक अजून आहे. त्यामुळे १९७२ नंतरच्या घटनेबद्दल लिहिताना ‘युद्धबंदी रेषा’ लिहिणे ही नुसती जुनाट भाषा ठरत नाही. नकळत एका बाजूचा युक्तिवाद आपल्या लेखणीतून उतरतो.

त्याच कराची कराराचा आणखी एक तुकडा भाषेच्या अभ्यासकाने जवळून पाहण्यासारखा आहे. रेषा नकाशावरच्या एनजे ९८४२ या क्रमांकाच्या बिंदूपर्यंत आखली होती. त्यापुढे नकाशावर न आखता ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढेच शब्द लिहिले. त्या बर्फात कोण जाणार, असा हिशेब असावा. भारताने ‘उत्तरेकडे’चा अर्थ सियाचीन हिमनदीच्या पश्चिमेला असलेल्या साल्तोरो या डोंगरधारेवरून उत्तरेकडे असा घेतला. पाकिस्तानने रेषा ईशान्येला काराकोरम खिंडीकडे ओढली. एप्रिल १९८४ मध्ये भारताने ‘ऑपरेशन मेघदूत’ करून साल्तोरोच्या खिंडी ताब्यात घेतल्या. सियाचीनवर आजही सैनिक उभे आहेत, त्याचे एक मूळ या अर्धवट वाक्यात आहे.

आता आर्मिस्टिस. याला मराठीत शब्द आहे, आणि तो अगदी नेमका आहे: युद्धतहकुबी. जुन्या लेखनात तो भेटतो, अलीकडे विसरल्यासारखा झाला आहे. विधिमंडळाची बैठक ‘तहकूब’ झाली म्हणजे ती संपली नाही, पुन्हा भरणार आहे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. आर्मिस्टिसचा कायदेशीर अर्थही हाच. १९०७ च्या हेग नियमावलीच्या ३६ व्या कलमानुसार तहकुबी म्हणजे परस्पर संमतीने लष्करी कारवाई स्थगित ठेवणे, आणि मुदत ठरलेली नसेल तर ठरल्याप्रमाणे आगाऊ सूचना देऊन कोणताही पक्ष लढाई पुन्हा सुरू करू शकतो. पहिल्या महायुद्धातली ११ नोव्हेंबर १९१८ ची तहकुबी तर मुळात ३६ दिवसांचीच होती. ती तीनदा वाढवावी लागली, आणि मधल्या काळात जर्मनीची सागरी नाकेबंदी चालूच होती. तह झाला तो व्हर्सायला, २८ जून १९१९ रोजी. कोरियात २७ जुलै १९५३ ला पानमुन्जोम येथे तहकुबी झाली, पण तह आजतागायत झालेला नाही. ‘कोरियन युद्ध १९५३ मध्ये संपले’ असे लिहिणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. लढाई संपली, युद्ध कागदोपत्री तहकूब आहे.

‘तह’ या शब्दाबद्दल मराठी माणसाला फार सांगायला नको. पुरंदरचा १६६५ चा, सालबाईचा १७८२ चा, वसईचा १८०२ चा. आपला अर्धा इतिहास तहांनी मोजला जातो. तहात नुसती लढाई थांबत नाही, देणेघेणे ठरते: पुरंदरला २३ किल्ले द्यावे लागले. ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हा वाक्प्रचार त्यातूनच अर्थपूर्ण होतो. तो १९६५ च्या युद्धाला हमखास लावतात. तिथेही दोन पायऱ्या आहेत: सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर २३ सप्टेंबर १९६५ ला युद्धबंदी लागू झाली आणि १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला. त्यानुसार दोन्ही सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतली, आणि भारताने काश्मीरमध्ये जिंकलेली हाजीपीर खिंड पाकिस्तानला परत गेली. टीका करायचीच तर ती ताश्कंदवर करावी. युद्धबंदीत हाजीपीर आपल्याच हातात होती.

अलीकडच्या घटनांत तर शब्द आणखी जपून वापरावे लागतात. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर तोफा शांत झाल्या, पण सह्या केलेला करार असा काही नव्हता. ‘२००३ च्या शस्त्रसंधी कराराचा भंग’ हा मथळा म्हणूनच चुकीचा. भंग झाला तो समजुतीचा. २५ फेब्रुवारी २०२१ च्या दोन्ही लष्करांच्या संयुक्त निवेदनातही आधीचे करार, समजुती आणि गोळीबार थांबवणे यांचे काटेकोर पालन करू, एवढीच भाषा होती. १० मे २०२५ ला भारत-पाकिस्तान संघर्षाबाबत अमेरिकेच्या अध्यक्षांनी सीझफायर हा शब्द वापरला. भारताच्या परराष्ट्र सचिवांनी मात्र एवढेच सांगितले की दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे दुपारी बोलणे झाले आणि संध्याकाळी ५ पासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याचे ठरले. दोन दिवसांनी पंतप्रधानांनी कारवाई ‘स्थगित’ केल्याचे म्हटले. स्थगित म्हणजे तहकूब. मथळ्यात जागा नसते म्हणून ‘शस्त्रसंधी’ चालवून घेता येईल, कारण बोलणे दोघांत झाले होते. पण मजकुरात ‘कारवाई थांबवण्यावर सहमती’ हेच लिहावे. ‘करार’ आणि ‘तह’ तर बिलकूल नको.

गाझाबाबतही हीच ओढाताण झाली. सुरक्षा परिषदेच्या मार्च २०२४ च्या ठरावात ‘कायमस्वरूपी’ युद्धबंदी लिहायची की ‘टिकाऊ’, यावर वाद झाला. ‘कायमस्वरूपी’ शब्द परत घालण्याची रशियाची दुरुस्ती फेटाळली गेली आणि ठराव ‘टिकाऊ’ या शब्दानिशी मंजूर झाला.

राहिला ‘युद्धविराम’. तो हिंदीतून रुळला आहे, चुकीचा नाही. विराम म्हणजे थांबा. तो एकतर्फी की दुतर्फी, हे त्यातून कळत नाही. म्हणून तपशील ठाऊक नसताना तोच सर्वांत सुरक्षित. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी लिहिणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. हिंदीत ‘युद्धबंदी’ म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक, आपला युद्धकैदी. १९७१ च्या सुमारे ९३ हजार ‘युद्धबंदियों’बद्दलचे हिंदी वाक्य शब्द न बदलता मराठीत आले, तर कैद्यांच्या जागी ९३ हजार वेळा लढाई थांबल्याचा अर्थ होईल.